तेवढं झाकून काप, सुमनबाई!

दुकानातले केस मी दिवसातून दोनदा झाडते. सुपलीत भरते, उकिरड्यावर टाकते, विषय संपला. किस्से मात्र झाडून जात नाहीत. कोपऱ्यात साचत राहतात. माणूस खुर्चीत बसला, डोक्यावर पाण्याचा फवारा बसला, की त्याचं तोंड सुटतं. आणि समोर बाई उभी आहे हे तर ह्या लोकांच्या लक्षातच राहत नाही. त्यांना वाटतं आरशाशीच बोलतोय!

नेकनूरच्या रस्त्याला आमचं गाव. बाईनं चालवलेलं कटिंगचं दुकान पंचक्रोशीत एकच, ते माझं. शिक्षण चौथी. पेपर वाचायला मला अर्धा दिवस लागतो. पण गावातल्या कुणाच्या डोक्यावर कुठं खूण आहे ते झोपेत सांगेन. खुणेवर केस उगवत नाहीत. वस्तरा तिथं आला की अडतो. वस्तरा अडला की माणूस हसतो आणि म्हणतो, "मावशी, त्याची गंमतच झालती."

गंमत म्हणजे दारू. दुसरं काय!

बाकावर बसलेले खो खो हसतात. हसू मलाही येतं, खोटं कशाला बोलू. पण हसून झालं की रागही येतो. कारण त्या पोराचं लग्न काढलं की त्याची आई माझ्याकडं येते आणि हळूच म्हणते, "पोरीकडचे येणार हायेत. तेवढं झाकून काप, सुमनबाई!"

बरीच वर्षं मी झाकून कापलं. त्या झाकण्यात एका पोरीचं वाटोळं झालं, आणि त्यात माझा हात आहे. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलेय. पण सुरुवात माझ्या घरापासून करते. नाहीतर म्हणाल, सुमनबाईला दुसऱ्यांचंच दिसतं.

*

दुकान मुळात आमच्या मालकांचं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं. हात असा की गिऱ्हाईक दाढी करता करता घोरायचं. मग त्या हाताला क्वार्टर लागली.

एकदा सकाळी आठला आमच्या शाळेचे जुने गुरुजी दाढीला बसले. मालक सकाळीच लावून आलेले. एक गाल झाला. दुसऱ्या गालावरून वस्तरा जो वर गेला तो कानाची पाळीच घेऊन गेला! गुरुजींचं पांढरं धोतर लाल. मागंच आमचं घर, मी हळद घेऊन पळत आले. मालक एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात तुरटी धरून आरशातल्या गुरुजींची माफी मागत होते. खरे गुरुजी बाजूलाच!

गुरुजी कान दाबून म्हणाले, "सुमन, चौथीत सगळ्या वर्गात तुझं अक्षर सरळ होतं. हा गाल राहिलाय. तू कर."

मी आयुष्यात केलेली पहिली दाढी म्हणजे ती अर्धी. दुसऱ्या दिवसापासून वस्तरा माझ्याकडं आला.

आणि आमचे मालक पारावर बसून काय सांगत होते? "माझा हात न्हाई हालला बे! गुरुजीच हालले!"

गुरुजींची ती पाळी अजून अर्धीच आहे. मालकांचा हात आता फक्त गिलास धरतो. तेव्हा बरा हलत नाही मेला!

*

आमच्याकडं भगवानराव म्हणून आहेत. डोक्यावर कपाळापासून मागं तीन सरळ रेघा. कुणी विचारलं की आवाज खाली आणून सांगणार, "बिबट्या. पंजा मारला."

पहिल्या कटिंगला तो बिबट्या कुत्र्याएवढा होता. दिवाळीपर्यंत वासराएवढा झाला. संक्रांतीला तर भगवानरावांनी त्याचा जबडा दोन हातांनी धरला होता!

बातमी पसरली. ऐन कापूस वेचणीचे दिवस. आम्ही बायका चार दिवस भीतीनं रानात गेलो नाही. कापूस बोंडातून लोंबायला लागला. पोरं शाळेत जाईनात. शेवटी वनखात्याची जीप आली. दोन साहेब उतरले. माझ्या दुकानासमोर नळ आहे, तिथं भगवानरावांची बायको पारूबाई घागर भरत होती.

साहेबांनी वही काढली. "ताई, बिबट्या कुठून आला, कुठं गेला, पाहिला का तुम्ही?"

पारूबाईनं घागर खाली ठेवली. "पाहिला न्हाई तर काय साहेब? रोजच येतो की. सहाच्या एस्टीनं येतो, नेकनूरहून. डुलत डुलत. त्या दिशी अंगणात दाताळं उताणं पडलं हुतं, त्याच्या दातांवर डोस्कं आदळलं. तीन दात, तीन रेघा. मोजून घ्या!"

साहेब वही मिटायला लागले तशी ती म्हणाली, "पिंजरा आणलाय का? आमच्या बाजेखाली लावा!"

जीप निघून गेली. गाव दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी भगवानराव माझ्या खुर्चीत बसून नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "बिबट्या हो! वनखातं येऊन गेलं ना!"

*

संजूची हनुवटी मधोमध चिरलेली आहे. दाढी करताना तिथं वस्तरा आडवा धरावा लागायचा. ही नागाची खूण.

सख्ख्या बहिणीचं लग्न, बीडच्या मंगल कार्यालयात. दुपारची वेळ. बाहेर बँजो वाजतोय आणि नवरीचा हा एकुलता एक भाऊ तोंडात रुमाल धरून नाग झालेला! खडीवर उताणा पडला, पालथा पडला, फणा काढला. त्याचा दोस्त गारुडी झालेला. तोही तितकाच प्यालेला. पुंगी वाजवता वाजवता गारुड्याचा तोल गेला आणि पाय पडला नागाच्या मानेवर. हनुवटी खडीत. रक्ताचा सडा. गारुडी पळून गेला, नागाला रिक्षात घालून टाके घालायला नेलं.

आत भटजी बोलावतायत, "कानपिळीला नवरीचा भाऊ या!" नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा. कान का पिळायचा? तर माझ्या बहिणीला नीट नांदव, मागं मी उभा आहे, हे सांगायला. आणि तिच्या मागं उभा राहणारा कुठं? टाक्याला!

नवरीची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. चुलत्याला पुढं करा, मामाला पुढं करा, गोंधळ. तेवढ्यात नवरी उठली. मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"भाऊ नाग झालाय," ती म्हणाली. "माझी मीच पिळते!"

आणि असा पिळला, असा पिळला, की नवरदेवाच्या डोळ्यांतून पाणी! मी समोरच उभी होते, आहेराचं पाकीट घेऊन. द्यायचं विसरले.

संजू अजून येतो. अजून सांगतो, "मावशी, नाग लई भारी झालता पण, गारुड्यानं घाण केली."

एकदा मी म्हणाले, "नागपंचमीला तुझी आई तुला दूध पाजती का लाह्या टाकती रं?" तेव्हापासून हनुवटी तेवढी शेजारच्या गावात करून घेतो!

*

सगळे म्हणतात झाक. एकच गिऱ्हाईक असं, की म्हणतं दाखव. आमच्या गावचे पुढारी.

त्यांच्या डाव्या कानाच्या वर जाड वळ आहे. भाषणात हात तिथं जातो. "शेतकऱ्यांसाठी ही लाठी डोक्यावर घेतली!" टाळ्या.

लाठी कसली! कुणीतरी निवडून आलं होतं त्याची मिरवणूक. हे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुलालात न्हालेले, पायात पाय अडकत होता. वर भोंगा बांधलेला. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला, भोंगा सुटला, साहेबांच्या डोक्यात बसला. भोंग्यातून त्यांचाच आवाज येत होता! माईक हातातच होता ना!

फोटो काढायचा असला की येतात. "मावशी, हितं झिरो मशीन मारा. खूण उठून दिसली पायजे. बॅनर लावायचाय."

मी मारते. उठून दिसते. झाकायचं कसब मला माझ्या मालकांकडून मिळालं, दाखवायचं ह्या पुढाऱ्याकडून. पुढं कामाला आलं.

*

एक सांगायचं राहिलं. गावातलं कुणीही पोर दवाखान्यात गेलं, कुणी पाहुण्यानं विचारलं, की उत्तर एकच. "जिन्यावरून पडलो."

आमच्या गावात जिने दोन. एक शाळेला, एक पाण्याच्या टाकीला. बाकी सगळी घरं पत्र्याची, बैठी. एवढी माणसं त्या दोन जिन्यांवरून पडत असती तर जिने झिजून सपाट झाले असते!

माझ्या स्वतःच्या मनगटावर पण एक खूण आहे. तिचा किस्सा नाही. मीही जिन्यावरूनच पडले होते, असं समजा.

*

आता तो किस्सा, ज्याला कुणी हसत नाही.

नितीनची आई आली. नितीनला कानाच्या मागून टाळूपर्यंत लांबलचक टाका. पिऊन मोटारसायकल म्हशीवर घातलेली. म्हैस उठून चालायला लागली, नितीन अकरा टाके घालून आला. दुकानात सांगायचा, "म्हशीनं साधं सॉरी पण न्हाई म्हणलं!" लोक गुडघे बडवून हसायचे.

आई म्हणाली, "पावणे येणार हायेत. तेवढं झाकून काप."

मी जीव ओतून कापलं. मागचे केस लांब ठेवले, आडवे वळवले, बाजू बारीक केल्या. वारा आला तरी खूण दिसणार नाही असं केलं. हात मागं घेऊन आरशात बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले! पाहुण्यांनी बघितलं, म्हणाले पोरगं देखणं आहे, वळण चांगलं आहे. लग्न झालं. नितीनच्या आईनं मला साडी नेसवली. अंजिरी रंगाची, बारीक काठाची.

दहा महिन्यांनी त्याची बायको अश्विनी दुकानात आली. नणंदेच्या लेकीला झुलपं कापायला आणलं होतं. लेकरू खुर्चीत, ही भिंतीला टेकून. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. माझं काम होईपर्यंत थांबली. मग पदर मागं घेतला. डावी भुवई मधोमध तुटलेली. दोन बोटं जागा, गुळगुळीत.

"मावशी, तुम्हाला केसांतलं कळतं. इथं परत केस येतील का हो?"

मी कंगवा खाली ठेवला. "कशानं झालं?"

"जिन्यावरून पडले."

आणि माझ्याकडं बघून हसली. मला काय ठाऊक आहे ते तिलाही ठाऊक होतं. मग लेकराचा हात धरून गेली.

नितीनच्या टाक्याचा किस्सा गावात शंभर जणांनी सांगितला असेल. अश्विनीच्या भुवईचा किस्सा कुणी सांगितला का? पारावर? बाकावर? कुणाच्या बापानं? बाप्याला लागलं की गंमत, आणि बाईला लागलं की जिना! खूण दिसली असती तर ज्या पोरीनं कदाचित विचारलं असतं, तिच्या डोळ्यांवर मी माझ्या हातानं केस ओढले होते. आणि वर साडी नेसून मिरवले.

त्या दिवशी घरी जाऊन ती साडी मी टरकन फाडली. दोन्ही बाजू दुमडून शिवली. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं कापड केलं. रोज केस पडतात त्याच्यावर. पडू देत.

*

शेवटचा यंदाचा. लगीनसराईच्या तोंडावरचा.

गणेशच्या उजव्या कानाच्या वर चार बोटं खूण आहे, कोयत्यासारखी वाकडी. दुकानात सांगतो, "हातपंपाचा मुका घ्यायला गेलतो!" बाक हसतो.

त्याला बघायला पावणे यायच्या आदल्या दिवशी त्याची आई रुक्मिणबाई आली. ही बाई मे महिन्यात पण मनगटापर्यंत लांब बाह्यांचं झंपर घालते. म्हणाली, "सुमन, तेलगावचे पावणे येणार हायेत उद्या. घर बघायला. पोरगी बी येणार हाय म्हणं. तेवढं झाकून काप बाई."

"हातपंप हाय ना तो?" मी म्हणाले.

ती म्हणाली, "तुला ठाऊक हाय की."

ठाऊक होतंच. भर दुपारी पिऊन आला, भाकरीवरून आईच्या अंगावर धावला. ती खलबत्त्यात लसूण कुटत होती. बत्ता हातात होता, तोच लागला. टाके घालून आल्यावर हिनंच त्याला पंधरा दिवस मऊ भात भरवला.

मी म्हणाले, "आईवर हात टाकतो, आणि तू त्याला बायको आणतीस?"

"लगीन झालं की सुधरंल."

"तुला पंचवीस वर्षांत जमलं न्हाई, ते परक्याच्या पोरीनं का म्हणून करावं गं?"

तिनं बाही खाली ओढली आणि म्हणाली, "सकाळी धाडते त्याला. भांग डावीकडनं पाड." गेली.

सकाळी गणेश आला. मागोमाग आईही आली, बाकावर बसली. लक्ष ठेवायला. मी तेच अंजिरी कापड त्याच्या गळ्याभोवती बांधलं. गणेश म्हणाला, "लवकर मावशी, अकराला येत्यात." मी डावी बाजू केली. हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. आता उजवी बाजू आली. केस वरून ओढून घ्यायचे, की नाही? कात्री तशीच धरून मी उभी.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ डोकावले. "राम राम. गणेशरावांचं घर कुठं आलं? आम्ही तेलगावचे. जरा लवकरच निघालो."

गणेश कापडाखाली एवढासा झाला. रुक्मिणबाई माझ्याकडं बघून मान हलवायला लागली. नको, नको.

मी म्हणाले, "घर पुढं हाय, पाव्हणं. पण नवरदेव हितंच हाय. या की आत, सावलीला."

टोपीवाल्यांच्या मागून पोरगी आली. विशीची, सावळी, खांद्याला पर्स. आत येऊन उभी राहिली आणि आरशातून गणेशकडं बघितलं. अश्विनीनं पण लग्नाआधी असंच बघितलं असेल.

मी कात्री ठेवली. मशीन घेतली. झिरो नंबर.

"सुमन!" रुक्मिणबाई ओरडली.

"बस खाली," मी म्हणाले, आणि उजव्या कानाच्या वर मशीन फिरवली. एकदा. दोनदा. केस त्या अंजिरी कापडावर पडले. खूण पांढरीफेक उघडी पडली, बॅनरवर लावावी अशी. मग मी खुर्ची फिरवली आणि त्याला तिच्या समोर केला.

"विचार बाई, काय विचारायचं ते," मी म्हणाले. "हितं रोज सांगतो. समदे हसत्यात."

पोरगी खुणेकडं बघत राहिली. "हे कशानं लागलं?"

गणेशनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "जिन्यावरून पडलतो."

"घरातल्या?"

"हा. घरातल्या."

पोरगी बापाकडं वळली. "पप्पा, आपण घरच बघायला आलोय ना? मग मला आधी जिना बघायचाय."

"अगं, असं काय लावलंस..." बाप म्हणाला.

"कुठं आहे जिना?" तिनं गणेशला विचारलं. तो कापडावरचे केस झटकायला लागला. तिनं पुन्हा विचारलं, "कुठं आहे?"

गणेश केसच झटकत राहिला.

रुक्मिणबाई बाकावरून उठली. वाटलं, आता माझ्या झिंज्या धरते. ती माझ्या पुढून गेली, गणेशच्या पुढून गेली, आणि पोरीसमोर जाऊन उभी राहिली. झंपराच्या बाहीचं बटण काढलं. बाही मनगटापासून वर सारली, कोपराच्याही वर.

"ये पोरी, जवळ ये," ती म्हणाली. "हा बघ जिना."